'हाय की'ची शेपटी

रत्ना,

गेल्या महिन्यात तुझ्या पुण्यानुमोदनाला मी बावड्याच्या विहारात मागच्या रांगेत बसले होते, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की माझ्यासाठी एवढी माणसं येणार नाहीत. वंदना चालली होती. तुझी आई पांढऱ्या साडीत, भिंतीला पाठ टेकून बसली होती. मेणबत्त्यांमागं तुझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता, तोच, ज्यात तू फोटोग्राफरशी भांडून आल्यासारखी दिसतेस. आणि मी काय करत होते, तर जळत होते. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमधल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. कुठल्या कुठल्या गावांच्या अंगणवाडीताई आल्या होत्या. त्या सगळ्यांच्या दारात इतकी वर्षं मीही तुझ्याबरोबर गेले होते. त्यातल्या एकीनं माझ्याकडं वळून विचारलं, "तुमी कोण म्हणायचं, पावणं?"

शेवटी प्रज्ञा आली. तुझी लेक आता तुझ्याएवढी उंच झालीय. म्हणाली, "विद्यामावशी, आईबरोबर सगळ्यात जास्त काम तुम्ही केलंय. दोन शब्द बोला." मी उठले आणि म्हणाले, "रत्ना फार मनमिळाऊ होती." एवढं बोलून खाली बसले. मनमिळाऊ! तू ऐकलं असतंस तर तिथंच मांडीवर थाप मारून हसली असतीस. तू मनमिळाऊ वगैरे काही नव्हतीस. हट्टी होतीस, भांडकुदळ होतीस, आणि माझ्यापेक्षा कामात चांगली होतीस. हे शेवटचं मी कधी तोंडानं कबूल केलं नाही, म्हणून आज लिहून काढतेय.

आपलं काम काय, हे लोकांना सांगताना माझी नेहमी दमछाक व्हायची. मूल्यमापन, संनियंत्रण, लाभार्थी, निर्देशक, असे चार शब्द वापरून झाले तरी समोरचा माणूस विचारायचाच, म्हणजे नक्की करता काय? तू चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या सांगून टाकायचीस, "सरकारनं दिल्यालं पोचलं का न्हाय, ते बघून यायचं आन् खरं सांगायचं." शाहूपुरीत किराणा दुकानाच्या वर आपल्या सरांचं ते दोन खोल्यांचं ऑफिस. सरकारी खात्यांकडून काम यायचं. मी प्रश्नावली तयार करायची, तू आणि मी ती घेऊन घरोघर हिंडायचो, मग मी तक्ते लावायचे, अहवाल लिहायचा, आणि अहवाल वाचून वरची बैठक ठरवायची की योजना चालू ठेवायची, बदलायची की बंद करायची. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. तू नोकरी करत करत बाहेरून बी.ए. केलेलं. त्यामुळं कोण वरचढ याबद्दल माझ्या मनात सुरुवातीला काही शंकाच नव्हती.

ती शंका पहिल्यांदा इचलकरंजीत आली. फिरत्या दवाखान्याची योजना होती, मागावर काम करणाऱ्यांच्या वस्त्यांसाठी. माझ्या प्रश्नावलीत सरळ प्रश्न होता: दवाखान्याची गाडी वस्तीत येते का? हो किंवा नाही, दोनच चौकोन. शेडमधून मागांचा खडखडाट येत होता, त्यामुळं आपण ओरडून विचारत होतो.

"गाडी येती का वं, दवाखान्याची?"

"येती की!"

मी 'हो'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. पुढचं दार. "गाडी? हाय की." पुन्हा खूण. दुपारपर्यंत माझा गठ्ठा पुरा झाला आणि मी खुशीत होते. तुझ्याकडं बघितलं तर तू निम्म्या खुणांना खाली एक वाकडी रेघ ओढली होतीस, उंदराच्या शेपटीसारखी.

"हे काय?" मी विचारलं.

"शेपटी," तू म्हणालीस. "ह्या बायकांनी 'हाय की' म्हटलंय. 'हाय' न्हवं."

"दोन्हीचा अर्थ एकच."

"बाईसाहेब, तुमी पुस्तकात शिकला. 'हाय' म्हंजे हाय. 'हाय की' ठसक्यात म्हटलं तर लईच हाय. आन् 'हाय... की' असं लांबवून म्हटलं, की समजायचं, न्हाय."

"मग नाहीच का म्हणत नाहीत?"

"दारात आलेल्या माणसाला तोंडावर न्हाय कसं म्हणायचं? जिभंवर येतच न्हाय. खोटं बोलत न्हाईत गं त्या. न्हाय म्हणायचं टाळत्यात."

मी तुला पद्धतशीर सुनावलं. स्वराची लांबी हा काही निर्देशक नाही, असं काहीतरी. तू ऐकून घेतलंस आणि उलट फिरून पुन्हा पहिल्या दारात गेलीस. "काकू, गाडीचा रंग कुठला वं?" काकूंनी आधी पदर सारखा केला, मग आभाळाकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "आता काय बाई, असंल पांढरा." गाडी निळी होती. ज्या ज्या खुणेला शेपटी होती, तिथं जवळजवळ प्रत्येक ठिकाणी रंग चुकला. गाडी खरंच यायची, पण सकाळी अकराला, आणि मोठ्या रस्त्यावर उभी राहायची. तेव्हा अर्धी माणसं मागावर आणि अर्धी पाळी करून झोपलेली.

वरच्या बैठकीत माझे तक्ते खात्याच्या साहेबांनी भराभर उलटले. तुझ्या शेपट्यांच्या पानावर थांबले. "ही शेपटी कुणाची?" सगळे हसले. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझी, साहेब." पुन्हा हसले. मग तू गाडीच्या रंगाचं सांगितलंस आणि कुणी हसलं नाही. गाडीची वेळ त्याच बैठकीत बदलली, पाळी सुटायच्या वेळेला आणि शेडच्या तोंडाशी. सहा महिन्यांनी आपण परत गेलो तेव्हा त्याच काकू लांबून ओरडल्या, "निळी! निळी हाय गाडी!" तू त्यांना मिठी मारलीस. मी त्यांचं वय नोंदवत होते.

खरं सांगू? त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते कधी थांबलंच नाही. मी रात्रंदिवस राबून तक्ते करायची, आणि बैठकीतून बाहेर पडताना लोक तुझ्याशी बोलायचे. मला तुझा आवाज हवा होता. स्कूटीवर मागं बसून तू घातलेल्या शिव्या हव्या होत्या. तू बिनधास्त "मी जातो", "मी खातो" म्हणायचीस, आपल्याकडच्या बायका म्हणतात तसं. मी पुण्यात दोन वर्षं राहून "मी जाते" म्हणायला शिकले होते, आणि ते ऐकलं की दारातली बाई सावध व्हायची. मी तुझी नक्कल करायचा प्रयत्नही केला, एकदा, तू सुट्टीवर असताना. त्या घरातली आजी म्हणाली, "ताई, तुमाला बरं न्हाय काय?" हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता हस पोट धरून.

पण सायकलींचं काम आलं आणि माझं जळणं नुसत्या पोटदुखीवर थांबलं नाही, त्यानं वाईट केलं.

लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायची योजना. माझे प्रश्न दोन: सायकल मिळाली का, मुलगी ती वापरते का. आठवतं ना ते घर, दारात म्हशी बांधलेल्या? बाईनं तुझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग मला म्हणाली, "ताई, तुमी आत या की." मी आत गेले. तू बाहेर कट्ट्यावर राहिलीस. मला चहा आला, बशीत बिस्किटं आली. मी विचारलं, तुमची अश्विनी सायकल वापरते का? "वापरती की," बाई म्हणाली. तिचा नवराही म्हणाला, "वापरती की." मी खुणा केल्या आणि चहा प्यायले. तुला बाहेर का बसवलं, हे मी त्या बाईला विचारलं नाही. मला ते कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, आणि चहा गरम होता, आणि मी तो प्यायले. यावर आपण कधी बोललो नाही. तू विषय काढला नाहीस, आणि मी त्याचा फायदा घेतला.

मी बाहेर आले तर तू सायकलीपाशी उकिडवी बसली होतीस. तुला बाहेर ठेवलं म्हणून ती तुझ्या नजरेला पडली. "सीट बघ," तू हळूच म्हणालीस. सीट पार वरपर्यंत ओढलेली होती. नववीतल्या मुलीचा पाय पॅडलला टेकला नसता. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना रंग घासून लोखंड निघालं होतं, दुधाचे कॅन अडकवून अडकवून. तेवढ्यात अश्विनी वैरणीचा भारा घेऊन आली. तू तिला काहीच विचारलं नाहीस, नुसतं सीटकडं बोट दाखवलंस. ती म्हणाली, "दादा डेअरीला नेत्यात. शाळंच्या टायमालाच डेअरी असती." आत मला मिळालेल्या दोन्ही खुणांना तिथल्या तिथं शेपट्या फुटल्या. आणि त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. तुला उंबऱ्याबाहेर ठेवलं तरी उत्तर तुलाच मिळालं, याचा.

मग तू स्कूटीच्या डिकीतून पाना काढलास आणि सीट खाली करायला बसलीस.

"रत्ना, आपण मोजायला आलोय," मी म्हणाले. "हात लावायचा नाही."

"मोजून झालं की. आता धर जरा हँडल."

मी हँडल धरलं नाही. पोरीनं धरलं. आठवड्यानं तू मुद्दाम तिकडून चक्कर टाकलीस आणि ऑफिसात येऊन म्हणालीस, "तुझंच खरं. सीट परत वर गेलती." मला किती बरं वाटलं! पण तू तेवढ्यावर थांबणार होतीस थोडीच. गावोगावच्या सीटा बघत हिंडलीस आणि एक पान लिहून आणलंस, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात. किती घरांत सीट वर, तिथं तीच शेपटी काढलेली, किती घरांत खाली, आणि तळाशी सूचना: सायकल बारक्या चाकाची द्यावी, कॅरिअर नसलेली, म्हणजे बाप्या माणूस बसला तर त्याचे गुडघे हनुवटीला लागतील आणि तो पुन्हा बसणार नाही.

ते पान मी काढून टाकलं. अहवाल बांधायला जायच्या आधी, पिन उपसून. मुखपृष्ठावर माझं नाव होतं, आणि मला नक्की ठाऊक होतं की साहेब पुन्हा त्याच पानावर थांबणार आणि पुन्हा विचारणार, ही शेपटी कुणाची. मला फक्त एकदा असं हवं होतं की कुणी ते विचारू नये. कुणी विचारलं नाही. अहवाल जसाच्या तसा मान्य झाला, योजना आहे तशी पुढं चालू राहिली, सायकली त्याच उंचीच्या आल्या. तू बांधलेली प्रत उलटून बघितलीस.

"माझं पान कुठं गेलं गं?"

"पानांची मर्यादा होती," मी म्हणाले.

तू माझ्याकडं बघितलंस. "असू दे... की," म्हणालीस आणि डबा उघडून जेवायला बसलीस. तो 'की' तू लांबवला होतास. माझ्यासारखीलासुद्धा तो ऐकू आला.

वर्षभरानं तू सांगितलंस की अश्विनी घरात बसली. शाळा सुटली. मी फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही." पद्धत म्हणून ते वाक्य बरोबर आहे, आजही मी ते वर्गात शिकवीन. पण तू दारात उभी राहून म्हणालीस, "एका पोरीची एकच शाळा असती, विद्या." बाईसाहेब म्हणाली नाहीस. मी काहीतरी जबरदस्त उत्तर शोधत राहिले. ते सापडेपर्यंत तू आजारी पडलीस. दवाखान्यात मी तुला दोनदा भेटायला आले आणि दोन्ही वेळा मोसंबी आणली आणि पावसापाण्याचं बोलले. पानाचं बोलायचं ठरवूनच आले होते. शेजारच्या खाटेवरची बाई ऐकतेय, अशी सबब मी स्वतःला दिली.

त्या दिवशी विहारातून निघताना प्रज्ञानं मला गाठलं. हातात तुझी ती खाकी पिशवी. "आईनं दवाखान्यात सांगून ठेवल्यालं, ही विद्यामावशीला दे. ती नीट लावंल." घरी येऊन उघडली. सायकलींच्या प्रश्नावल्या, शेपट्यांसकट. आणि त्यांच्यावर ते पान. तुझ्याकडची दुसरी प्रत नव्हे, रत्ना, तेच पान. वरच्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं, आणि मधोमध मी चुरगाळल्याच्या सुरकुत्या, कुणीतरी इस्त्री फिरवून सरळ केलेल्या. म्हणजे माझ्या टेबलाखालच्या टोपलीतून तू ते उचललं होतंस, त्याच दिवशी. मर्यादेची थाप मी मारत होते तेव्हा ते तुझ्या पर्समध्ये असणार. आणि तरी वर्षभर तू माझ्याबरोबर डबा खाल्लास, तुझी सुक्या मिरचीची चटणी मला दिलीस, आणि जाताना ही पिशवी माझ्याचकडं धाडलीस. सरांकडं नाही, प्रज्ञाकडं नाही, माझ्याकडं. मी खूप रडले. आणि रडता रडता मला रागही आला, की एवढा मोठेपणा कशाला दाखवायचा माणसानं? मेल्यावरसुद्धा माझ्यावर कुरघोडी करायची काही गरज होती?

पण तक्ते लावायचं मलाच जमतं, हे तुला ठाऊक होतं. तू कधी बोलली नाहीस, तरी ठाऊक होतं. मी रात्र न् रात्र नाही बसले, उगाच चढू नकोस. दोन दुपारी बसले. सगळ्या शेपट्या एका रकान्यात घेतल्या, सीटच्या उंचीशी ताडून बघितल्या, गाववार लावल्या. रकान्याला काय नाव द्यावं यावर बराच वेळ अडले. 'अस्पष्ट होकार' लिहिलं आणि खोडलं. शेवटी 'हाय की' एवढंच लिहिलं. तुझं पान आहे तसं, तुझ्या अक्षरात, सुरकुत्यांसकट पुढं जोडलं. आधीच्या अहवालातून हे पान मी वगळलं होतं, असंही सही करून लिहिलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "पाठवा." मुखपृष्ठावर दोन नावं घातली. वर्णानुक्रमानं लावली, म्हणून तुझं आधी आलं. दुसरं काही समजू नकोस.

काल बैठक झाली. योजना पुढच्या वर्षी कशी चालवायची, ते ठरवायला. साहेब नवे आहेत, महिन्याभरापूर्वी आलेत, लांबच्या जिल्ह्यातले. त्यांनी पानं उलटली, माझ्या तक्त्यावर थोडं थांबले, मान डोलावली, आणि तुझ्या पानावर आले. मला माहीत होतंच. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ धरलं, गुडघे हनुवटीला लागतील तिथं मोठ्यानं हसले, आणि बाजूच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "बारकी चाकं, कॅरिअर नको. लिहून घ्या, याच खरेदीत बदला." मग वर बघून विचारलं,

"ही शेपटी कुणाची?"

मी उभी राहिले. इतकी वर्षं मला या प्रश्नाला उत्तर द्यायचं होतं.

"रत्नमालाची, साहेब."

"वा. फारच हुशार बाई. आज का नाही आणलंत त्यांना?" त्यांचं नुसतं कौतुक चाललं होतं, चेहरा अगदी खुललेला. "पुढच्या बैठकीला घेऊन या. मला भेटायचंय."

सर खाली टेबलाकडं बघत होते. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. एवढा सोपा शब्द, दोन चौकोनांतला एक, आयुष्यभर मी तो छापत आले. आला नाही, रत्ना. जिभेवर आलाच नाही.

"आणते... की, साहेब," मी म्हणाले.

काढ आता शेपटी.